गुडघे तेच, माळा वेगळा: म्हातारपणचं अपंगत्व आणि नैराश्य

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात. संडास घरात, लिफ्ट दारात. टीव्हीवर ही बातमी लागली तेव्हा मी लालबागला आत्याकडे बसले होते. आत्या ७६ वर्षांची. चाळीच्या तिसऱ्या माळ्यावर राहते, दोन्ही गुडघे झिजलेत, चार महिन्यांत खाली उतरलेली नव्हती. मला वाटलं, लिफ्ट बघून म्हणेल, आमची कधी पाडणार. ती म्हणाली, "तिथं सगळे दारं लावूनच बसत असतील, नाही गं?"

मग बराच वेळ गप्प. हल्ली ती फारशी बोलतच नाही. जेवण कमी झालंय, पहाटे तीनला जाग येते ती येतेच, पुन्हा डोळा लागत नाही. घरातल्यांचं निदान ठरलेलं आहे: गुडघे गेले, म्हणून मन खचलं.

हे निदान चूक नाही, पण अर्धवट आहे. माझ्या सासूबाईंचे गुडघे आत्यापेक्षा वाईट आहेत. दोघींचे एक्स-रे शेजारी धरले तर माझ्यासारखीलाही कळतं. त्या वॉकर घेऊन चालतात. पण मुलुंडला तळमजल्यावर राहतात, आणि सोसायटीतल्या सगळ्या भानगडी त्यांना माझ्याआधी ठाऊक असतात. गुडघे दोघींचे गेले, मग मन एकीचंच का खचावं? या प्रश्नावर कित्येक दशकं अभ्यास चालू आहे, आणि त्यातून जे हाती लागलंय ते समजायला डॉक्टर असावं लागत नाही.

आधी दोन शब्द

नैराश्य म्हणजे नुसतं वाईट वाटणं नव्हे. किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ मन उदास राहतं किंवा कशातच गोडी वाटत नाही. सोबत झोप, भूक, ताकद बिघडते, लक्ष लागत नाही, आपण कुणाच्या कामाचे नाही असं वाटतं, कधी मरणाचे विचार येतात. यांतल्या बऱ्याच गोष्टी एकत्र आल्या आणि रोजचं जगणं अडलं, की डॉक्टर त्याला आजार म्हणतात. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी मात्र 'उदास' हा शब्द क्वचितच येतो. अंग दुखतं, गॅस धरतो, काही लक्षात राहत नाही, असंच ऐकू येतं.

अपंगत्व हा शब्द आणखी फसवा. ऐकलं की चाकाची खुर्ची डोळ्यांसमोर येते. म्हातारपणचं अपंगत्व मात्र चोरपावलांनी येतं आणि ते मोजायची रीत अगदी घरगुती आहे. १९६३ साली अमेरिकेतल्या सिडनी कॅट्झ या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा गोष्टींची यादी मांडली: आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, अंथरुणातून-खुर्चीतून उठणं, लघवी-शौचावर ताबा आणि जेवण. यांतलं काय तुमचं तुम्हाला जमतं, एवढंच विचारायचं. १९६९ मध्ये लॉटन आणि ब्रोडी यांनी दुसरी यादी केली, आठ कामांची: फोन, बाजारहाट, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं वेळेवर घेणं आणि पैशाचे व्यवहार. पहिली यादी अंगाची, दुसरी संसाराची. या दुसऱ्या यादीत एक गंमत आहे, तिच्याकडे पुन्हा येऊ.

कुर्ल्याला वायर तुटली की

समजा, सकाळी नऊला कुर्ल्याजवळ ओव्हरहेड वायर तुटली. घाटकोपरचा माणूस शिव्या घालत मेट्रो धरतो, अंधेरीला जातो, तिथून पश्चिम रेल्वेने तासभर उशिरा का होईना, चर्चगेट गाठतो. अंबरनाथचा माणूस फलाटावर उभाच. बिघाड दोघांसाठी एकच. पण संध्याकाळी कोण किती वैतागलेला असेल हे वायरीकडे बघून सांगता येणार नाही. कुणाला दुसरी वाट होती, ते बघावं लागेल.

शरीराचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली अपंगत्वाचा विचार करताना तीन गोष्टी वेगळ्या काढल्या. एक, शरीरातला बिघाड: गुडघ्यातली कूर्चा झिजली. दोन, एखादं काम न जमणं: जिना उतरता येत नाही. तीन, चारचौघांतली जागा सुटणं: भजनाला जाता येत नाही, कारण भजन तळमजल्यावर असतं. पहिलीवरून तिसरीवर माणूस आपोआप घसरत नाही. मध्ये जिना असतो किंवा लिफ्ट असते. हात देणारा शेजारी असतो किंवा त्याच्या खोलीला कुलूप असतं. बेस्टची बस फुटपाथला लागून उभी राहते किंवा दोन रिक्षांच्या पलीकडे, रस्त्याच्या मध्यावर.

आणि मनाला लागतं ते बरंचसं तिसरं. गेल विल्यमसन आणि रिचर्ड शुल्झ यांनी १९९२ मध्ये वृद्धांमधलं दुखणं आणि नैराश्य यांचा संबंध तपासला. दुखण्यामुळे माणसाच्या रोजच्या किती गोष्टी सुटल्या, हे हिशेबात धरल्यावर दोहोंमधलं बरंचसं नातं उलगडलं. म्हणजे दुखणं थेट मनाला भिडत नाही, ते आधी आपला दिवस खातं.

आपला कायदाही कागदावर हेच म्हणतो. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा व्याख्येतच सांगतो की, शरीरातली दीर्घकालीन उणीव आणि भोवतालचे अडथळे यांची गाठ पडून समाजात बरोबरीने वावरणं अडतं, तेव्हा ती व्यक्ती दिव्यांग. पुढे बऱ्याच सवलतींसाठी मात्र किमान ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते टक्के मोजतात शरीराचे. तिसऱ्या माळ्याचे किती टक्के धरायचे, हे त्यात नाही.

पोळ्या कोण करतं?

आता ती गंमत. लॉटन-ब्रोडी यादीच्या मूळ पद्धतीत पुरुषांना गुण देताना स्वयंपाक, घरकाम आणि कपडे धुणं या तीन गोष्टी धरायच्याच नाहीत, असं होतं. अमेरिकेत, १९६९ मध्ये. आपण हसायचं कारण नाही, आपल्याकडे आजही तेच आहे. आजोबांना पोळी लाटता आली नाही तर कुणाला त्यात अपंगत्व दिसत नाही, कारण त्यांनी ती कधी लाटलीच नव्हती.

आत्याने पन्नास वर्षं लाटल्या. गुडघे बोलायला लागले तेव्हा आधी खाली बसून विळीवर भाजी चिरणं सुटलं. मग ओट्यापाशी उभं राहणं अवघड झालं, तर ती स्टुलावर बसून कणीक मळायची. एक दिवस स्टूल सरकलं. पडली नाही, नुसती धडपडली. त्या दिवसापासून सून म्हणते, "आई, तुम्ही बसा, आम्ही करतो." सून खरंच चांगली आहे, हे वाक्य मी कुठल्याही शपथेवर लिहून देईन. पण त्या 'तुम्ही बसा'मध्ये काय काय गेलं बघा. आज काय करायचं हे ठरवणं गेलं. मीठ किती, हे सांगणं गेलं. "आत्ये, तुझ्या हातची आमटी" म्हणून भाचरं यायची, ती यायची बंद झाली. "लसूण सोलायला पण देत नाहीत गं," हे ती मला दोनदा म्हणाली. गुडघ्यांबद्दल एकदाही नाही.

पुरुषांचं सुटतं ते वेगळं. दुसऱ्या माळ्यावरचे काका गिरणीत होते. १९८२ च्या संपात एकदा रिकामे झाले, मग वॉचमनकी करून संसार ओढला. त्यांचं जग म्हणजे नाका, पेपर आणि मंडळाचं बाकडं. अर्धांगवायूचा हलका झटका आला, डावा पाय ओढत चालतात. घरात त्यांना सगळं हातात मिळतं, तसं ते आधीही मिळत होतंच. नाका मात्र कुणी वर आणून देत नाही.

पैसा असला की सुटतं का?

काही अंशी सुटतं. पैसा म्हणजे दुसरी वाट: टॅक्सी, दिवसभराची बाई, चांगलं श्रवणयंत्र. राज्य सरकारच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या, वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्यांना चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी एकदा ३,००० रुपये मिळतात. काठीला आणि खुर्चीला ते पुरतात.

पण कमोड खुर्चीचंच घ्या. चाळीतला संडास गॅलरीच्या टोकाला. आत्यासाठी खुर्ची आणायचं ठरलं तर तिने साफ नकार दिला. खोली एकच, आणि देव त्याच खोलीत. "देवांसमोर?" एवढंच म्हणाली. पैशाने वस्तू येते, ती ठेवायला भिंत येत नाही.

मदत मिळते, तरी उदास का?

कमोड खुर्ची नाही म्हटल्यावर रात्री संडासला जायचं तर नातवाला उठवावं लागतं. नातू कधी नाही म्हणालेला नाही. एकदाच म्हणाला, "आत्ता डोळा लागला होता गं आजी." त्यानंतर आत्या संध्याकाळी सहापुढे पाणी पीत नाही. घरात कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. मला कळलं ते तिची जीभ कोरडी बघून विचारलं तेव्हा.

अभ्यासक इथे दोन गोष्टी वेगळ्या धरतात: प्रत्यक्ष मिळालेली मदत, आणि 'वेळ आली तर आपलं माणूस आहे' हा भरवसा. नैराश्यापासून जास्त जपतो तो भरवसा. प्रत्यक्ष मदतीचा परिणाम मात्र इतका सरळ नाही, ती कधी टोचतेही. नाइल बोल्जर आणि सहकाऱ्यांनी २००० साली अशी जोडपी अभ्यासली, ज्यांतला एक जण न्यूयॉर्कच्या वकिलीच्या परीक्षेची तयारी करत होता. दोघांनी रोज वेगवेगळी नोंद ठेवली. जोडीदाराने मदत केली, पण परीक्षार्थीच्या ती लक्षातही आली नाही, अशा मदतीचा मनाला सर्वांत जास्त फायदा झाला. ती तरुण माणसं होती, म्हातारी नव्हेत, हे धरून चाललं पाहिजे. पण ज्याच्या घरात म्हातारं माणूस आहे त्याला हे ओळखीचं वाटेल. पाण्याचा तांब्या न सांगता उशाशी असणं निराळं, आणि "काही हवंय का, काही हवंय का" असं दिवसातून दहा वेळा विचारणं निराळं.

"हे सगळं परदेशातलं. आमच्याकडे एकत्र कुटुंब आहे."

या आक्षेपात तथ्य आहे, आधी ते घेऊ. जिथे 'स्वतःच्या पायावर उभं राहणं' हीच माणसाची किंमत, तिथे आंघोळीला दुसऱ्याचा हात लागणं ही मोठी नामुष्की. आपल्याकडे 'पोरं करतातच, करायलाच हवं' असं म्हणायची सोय आहे, त्यामुळे परावलंबन तेवढं बोचत नाही. पण ही सोय सगळ्यांना सारखी नाही. ज्याच्या नावावर खोली आहे, पेन्शन येते, तो हक्काने हाक मारतो. जिने बांगड्या केव्हाच मोडून मुलाच्या कर्जात घातल्या, ती हाक मारायच्या आधी विचार करते.

आणि एका छताखाली राहणं म्हणजे सोबत असणं नव्हे. १९७८ मध्ये जॉर्ज ब्राऊन आणि टिरिल हॅरिस यांनी लंडनच्या कँबरवेल भागातल्या स्त्रियांचा अभ्यास मांडला. संकट कोसळल्यावर कुणाला नैराश्य येतं हे पाहताना एक गोष्ट ठसठशीत दिसली: जिला मनातलं सगळं बोलायला एक जवळचं माणूस होतं, ती बरीचशी तगली. मोजायचं तर घरातली डोकी मोजून भागत नाही. बोलायला कोण आहे, ते मोजावं लागतं.

आत्याच्या गॅलरीत पूर्वी दुपारी सात-आठ बायका बसायच्या. आता निम्म्या खोल्या बंद आहेत. कुणी बदलापूरला, कुणी विरारला. टॉवर नको म्हणणारी आत्या ज्या चाळीला धरून बसलीय, ती चाळ तिच्याभोवतीच रिकामी होत चालली आहे. टॉवरमध्ये गेली तर जिना सुटेल, गॅलरी जाईल. इथे राहिली तर जिना आहेच, आणि गॅलरीही फारशी उरलेली नाही. पुनर्विकासाच्या बैठकीत कार्पेट एरियावर तासन्‌तास भांडणं होतात. मजल्यावर बसायला जागा कुठे, हा प्रश्न मी तरी अजून कुणाला विचारताना ऐकलेला नाही.

"वय झालं की असं होणारच"

हा आक्षेप घरातले घेतात, कधी डॉक्टरही घेतात, आणि म्हातारी माणसं स्वतः सगळ्यात जास्त घेतात. आकडे काय सांगतात? ४५ वर्षांवरच्या सुमारे ७२ हजार भारतीयांची मोठी पाहणी २०१७-१८ मध्ये झाली. ती केली आपल्याच देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने, इतर संस्थांच्या सोबतीने. तिच्यानुसार साठीपुढच्या सुमारे चौघांत एकाला अंगाच्या यादीतलं किमान एक काम जड जातं. नैराश्याची ठळक लक्षणं मात्र ८.३ टक्क्यांत, म्हणजे बारांत एकाला. अपंगत्व आलं की नैराश्य येणारच असतं, तर हे दोन आकडे इतके लांब राहिले नसते. त्याच पाहणीतला तिसरा आकडा अस्वस्थ करणारा आहे: 'डॉक्टरांनी मला नैराश्य असल्याचं सांगितलंय' असं म्हणणारे फक्त ०.८ टक्के. ज्यांना आहे त्यांतल्या बहुतेकांना कुणी सांगितलेलंच नाही.

याच पाहणीत एकटे राहणारे वृद्ध विसांत एखादाच. म्हणजे नैराश्य असलेली बहुतेक म्हातारी माणसं भरल्या घरात आहेत. एकटेपणाने धोका वाढतो हे खरं, पण 'एकटा नाही' याचा अर्थ 'ठीक आहे' असा होत नाही.

'वय झालं' या शब्दांचा एक फायदाही आहे. कट्ट्यावर सगळ्यांचेच गुडघे कुरकुरत असले की स्वतःच्या गुडघ्याचं दुःख वाटून जातं. पंचावन्नाव्या वर्षी काठी घ्यावी लागली तर जास्त लागतं, कारण बरोबरीचे अजून लोकल पकडत असतात. पण तेच शब्द उपचाराच्या आड येतात. पहाटे तीनला रोज जाग येणं, चार किलो वजन उतरणं, हे वयाच्या खात्यावर टाकायचं नसतं.

उलटं असलं तर?

असतंच. नैराश्यानेही शरीर ढासळतं. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ७१ वर्षांपुढच्या १,२८६ जणांची चाल, तोल आणि खुर्चीतून उठणं चार वर्षांच्या अंतराने तपासलं. सुरुवातीला ज्यांच्यात नैराश्याची लक्षणं जास्त, त्यांची घसरण जास्त. कारण शोधायला लांब जायला नको. उदास माणूस हलत नाही, न हलल्याने मांडीचे स्नायू गळतात, मग जिना आणखी उंच होतो.

प्रश्नावलीही जिना मोजते

वृद्धांतलं नैराश्य तपासायला १९८० च्या दशकापासून एक खास प्रश्नावली वापरतात, हो-नाही उत्तरांची. तिच्यात झोप-भुकेचे प्रश्न मुद्दाम टाळलेत, कारण ती वयाने आणि आजारानेही बिघडते. हे शहाणपणाचं. पण तिच्या छोट्या, पंधरा प्रश्नांच्या आवृत्तीत एक प्रश्न या अर्थाचा आहे: बाहेर जाऊन नवीन काही करण्यापेक्षा घरात राहणं तुम्हाला बरं वाटतं का? तिसऱ्या माळ्यावरची, लिफ्ट नसलेली, गुडघे गेलेली बाई 'हो' म्हणते. हे मन बोललं की जिना? म्हणून नुसता गुणांचा आकडा बघून भागत नाही, 'का?' हे विचारणारं माणूस समोर लागतं. माझ्या मते 'काय होतंय?'पेक्षा 'काय सुटलं?' हा प्रश्न जास्त सांगून जातो.

मग गोळ्यांचा उपयोग काय?

होतो, आणि पुष्कळांना चांगला होतो. थायरॉइड, बी-१२, चालू असलेली इतर औषधं हे आधी बघावं लागतं. डॉक्टरांनी सुरू केलेली गोळी शेजारच्यांच्या सल्ल्याने सोडू नये. पण गोळीला जिना उतरता येत नाही, हेही तितकंच खरं.

गोव्यात झालेला एक प्रयोग मला इथे फार महत्त्वाचा वाटतो. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. नैराश्याच्या उंबरठ्यावर असलेले साठीपुढचे १८१ जण घेतले. निम्म्यांना नेहमीचे उपचार. निम्म्यांकडे मानसोपचारतज्ज्ञ नव्हे, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं गेली. त्यांनी अडचण सोडवायची कशी हे टप्प्याटप्प्याने शिकवलं, झोपेचं बघितलं, मधुमेहासारख्या दुखण्यांची काळजी समजावली आणि सरकारी योजना मिळवायला मदत केली. वर्षभरात नेहमीच्या उपचारांच्या गटात ९० पैकी १३ जणांना नैराश्याचा आजार जडला. दुसऱ्या गटात ९१ पैकी ४ जणांना.

मुंबईत केईएम, नायर, सायन या पालिकेच्या रुग्णालयांत मनोविकार ओपीडी आहे, केसपेपर काढून दाखवता येतं. उतरणंच शक्य नसेल तर मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी टेलिमानस सेवेचा १४४१६ हा फोन नंबर आहे, ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे. मरणाची भाषा ऐकू आली तर मात्र त्याच दिवशी दाखवायचं, 'असंच बोलते ती' म्हणायचं नाही.

आत्याला ओपीडीला न्यायचं ठरलं तेव्हा मंडळाच्या गोविंदा पथकातल्या चार पोरांनी खुर्चीत बसवून तिला खाली आणलं. पोरं खूश, आत्या शरमेने लाल. डॉक्टरांनी गोळी दिली, व्यायाम सांगितला, आठवड्यातून दोनदा तरी खाली उतरायला बजावलं. "खुर्चीत नाही उतरायची मी, मयतासारखी," असं तिने घरी येऊन जाहीर केलं. मग पोरांनीच प्रत्येक माळ्याच्या वळणावर बसायची सोय केली. पहिल्यांदा स्टुलं ठेवली. त्यांवरून उठताना हाताला आधार मिळेना. आता तिथे हातांच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या आहेत, कठड्याला सुतळीने बांधलेल्या. दुसऱ्या माळ्यावरच्या खुर्चीत बहुतेक वेळा काका बसलेले असतात. आत्या आली की उठायला बघतात, ती "बसा हो" म्हणते, आणि कठडा धरून तिथेच उभी राहते.